केस नंबर दोन: कस्तुरी आणि राजदूत

सोमवार, ६ ऑक्टोबर २००३

आप्पांनी मला परत कामावर घेतलं!

काल दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि मला गोठ्यात बोलावलं. इकडंतिकडं बघितलं, गौराच्या (आमची म्हैस) पाठीमागं उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "पवे, पलीकडं जरा लक्ष ठेव की." पलीकडं म्हणजे भिंतीपलीकडं, दोड्डप्पांच्या गोठ्यात. दोड्डप्पा म्हणजे माझे मोठे काका, आप्पांचे थोरले भाऊ, चनबसाप्पा. दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली, मध्ये भिंत आली, तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. समोरासमोर आले की दोघंही आभाळाकडं बघतात. परवा तर दोघं एकदमच एकाच डबक्यात गेले.

केस नंबर एक मागच्या वर्षीची. शंकरपाळ्यांचा डबा कोण रिकामा करतं ते शोधायचं होतं. शोधलं. आप्पाच निघाले! ती वही अव्वानं (आईनं) बंबात घातली आणि त्याच पाण्यानं आप्पांनी अंघोळ केली. म्हणून ही वही पेंडीच्या पोत्यामागं राहील.

गुप्त नाव तेच. झुरळ. सगळीकडं जातं, कुणाला आवडत नाही, लवकर मरत नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

केसची पार्श्वभूमी. (हेराने लिहून ठेवावी.)

भांडण कशावरून झालं ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. अव्वा म्हणते पेंडीवरून, दोड्डव्वा (मोठी काकू) म्हणते नळाच्या पाण्यावरून. वाटणीत म्हशी, कॅन, पत्रे, सगळं निम्मं-निम्मं झालं. शेवटी उरल्या दोन गोष्टी: कस्तुरी म्हैस आणि राजदूत मोटरसायकल. पंचांनी चिठ्ठ्या टाकल्या. लहान पोर म्हणून मला उचलायला लावल्या. मी बारा वर्षांची. नवा फ्रॉक. काय ती माझी ऐट! कस्तुरी आली दोड्डप्पांना, राजदूत आप्पांना. पंच म्हणाले, झकास झालं. सगळ्यांनी चहा घेतला.

एकाच्याही ध्यानात आलं नाही!

पाडव्याला आम्हा गवळ्यांचा सगर असतो. म्हशी भादरायच्या, तेल लावायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्या, पायात घुंगरू. मग मालक गाडीचा सायलेन्सर काढतो, गाडी रेस करतो आणि त्याची म्हैस गाडीमागं पळते. पक्की शिकवलेली असली तर मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि मालकाला नारळाचा मान मिळतो. कस्तुरी उभी राहिली की सगळी मंगळवार पेठ शिट्ट्या मारायची. पण ती रेडकू असल्यापासून एकच आवाज ओळखते, आमच्या राजदूतचा. दोड्डप्पांनी दोन पाडव्यांना दोन वेगळ्या गाड्या आणल्या. ती रवंथ करत उभी राहिली. आणि आप्पांनी दुसऱ्या पेठेच्या सगरात जाऊन राजदूत चालू केली की आमची गौरा उलट्या दिशेनं पळते. मागच्या वर्षी ती एका फोटो स्टुडिओत सापडली.

म्हणजे म्हैस तिकडं, गाडी इकडं. आणि चिठ्ठ्या उचलणारी मी.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पहिला अहवाल दिला. आप्पांनी विचारलेले प्रश्न: पेंड कुठली घालतोय? कस्तुरी वैरण खाती का? गोठा कोरडा हाय का? आणि, "त्यो खोकतोय का अजून?"

शेवटचा प्रश्न मला फार आवडला. शत्रूची प्रकृती! हे मला सुचलंच नसतं. मी सांगितलं: खोकतात, पहाटे जास्त. आणि पत्रा गळतो, कस्तुरीच्या डोक्यावरच.

"बरं झालं!" आप्पा मोठ्यानं म्हणाले, भिंतीकडं तोंड करून. मग बराच वेळ आमच्याच पत्र्याकडं बघत बसले.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

पकडले गेले.

पाण्याच्या पिंपावर उभी राहून भिंतीवरून वाकले होते. पिंप फिरलं. मी पलीकडं पडले, तेही शेणाच्या ढिगात. दोड्डप्पा कंदिलासारखे डोळे करून आले. "कोण हाय त्ये?"

"मी झु... पवित्रा."

दोड्डव्वानं पाय धुऊन दिले, शेंगदाण्याची पोळी दिली, वर तुपाची धार. दोड्डप्पा समोर बसले. "हेरगिरी करतीस व्हय? कुणी धाडलं?" मी पोळीचा मोठा घास घेतला. छळ केला तरी नाव सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ते म्हणाले, "प्रभ्यानंच, तुझ्या आप्पानं. दुसरं कोण. बरं, मग आमची बी हेरगिरी कर की. दोन्हीकडनं खायला मिळंल."

तत्त्वाचा प्रश्न होता. मी दुसरी पोळी संपेपर्यंत विचार केला. आता मी डबल एजंट आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

दोड्डप्पांना पहिला अहवाल: आप्पांनी तीन नवे पत्रे आणलेत आणि गोठ्याबाहेर, भिंतीला टेकवून, उघड्यावर ठेवलेत. साखळी नाही, काही नाही.

"उघड्यावर?" दोड्डप्पा म्हणाले. "किती येडा हाय ह्यो माणूस!"

सोमवार, १३ ऑक्टोबर

पत्रे गेले!! ते दोड्डप्पांच्या गोठ्यावर आहेत. खिळे ठोकताना अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आप्पा खाली खाटेवर बसून पेपर वाचत होते. चोरीत माझाही हात होता. शेवटी मीच म्हटलं, आप्पा, आपले पत्रे दिसत नाहीत.

"कुठले पत्रे?"

त्यांना चष्म्याची गरज आहे. अव्वाला सांगितलं. अव्वा पदराआड हसली. तिला कशातलंच गांभीर्य नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सहामाही. गणिताचा पेपर. लिहिण्यासारखं काही नाही, पेपरातही नव्हतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज जे कळलं ते मला कुणालाही सांगायचं नाही, दोन्हीकडच्यांना नाही.

आप्पा रोज सकाळी रतीब घालायला निघतात तेव्हा राजदूत चालू करत नाहीत. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, आणि गाडी ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या आकाराम चहावाल्यापर्यंत नेतात. तिथं किक मारतात. गल्लीत म्हणतात, चिक्कू आहे, पेट्रोल वाचवतो. मलाही तेच वाटायचं आणि लाजही वाटायची. आज पाठलाग केला. कोपऱ्यावर गाठून विचारलं.

घाम पुसत म्हणाले, "हितं चालू केली की कस्तुरीला ऐकू जातंय. दावं तोडती ती. पहिल्या महिन्यात तीनदा माझ्या मागं आली, पार मिरजकर तिकटीपर्यंत. वय झालंय तिचं. कुठं पाय घसरला मंजी?"

दोन वर्षं! पावसातसुद्धा!

मला रडू आलं. हेराने रडू नये. पण चिठ्ठ्या मी उचलल्या होत्या ना. मी आकारामच्या दुकानामागं जाऊन रडले आणि तोंड धुऊन शाळेत गेले. इतिहासाचा पेपर होता.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दोड्डप्पांची नवी मोहीम! राजदूतचा आवाज कॅसेटवर चोरून आणायचा. म्हणजे पाडव्याला कुठलीही गाडी चालेल, मागं टेप लावायचा. मी म्हटलं, दोड्डप्पा, तुम्ही खरे हुशार. त्यांनी मिशीवरनं हात फिरवला.

टेप दोड्डव्वाचा, कॅसेट प्रवचनाची. मी पिशवीत घालून आप्पांबरोबर रतिबाला गेले. "पवीला आज दुधाची लईच आवड लागली," आप्पा म्हणाले. दहा मिनिटं आवाज भरला. काम फत्ते.

संध्याकाळी चाचणी. सेल उतरले होते. राजदूतचा आवाज असा निघाला की शेजारच्या झुंबरबाई भिंतीवरून ओरडल्या, "कुणाला एवढा ढेकर आलाय?" कस्तुरीनं कान हलवला नाही. नवे सेल घातले. मग आवाज बरा आला, पण मधेमधे स्वामीजी, "हे मानवा, तू कुठे धावतोस?" कस्तुरी कुठंच धावली नाही. मग शेवटी, मी बटण बंद करायला विसरले होते म्हणून, घरी परतल्यावरचं अव्वाचं ओरडणं: "पवेऽऽ! दूध उतू गेलं की गं!"

आणि कस्तुरी उठली! कान ताठ, मान वर, हंबरायला लागली. अव्वा तिला रोज भाकरी चारायची ना. ती टेपजवळ आली आणि तिनं टेप चाटला.

मला वाटलं दोड्डप्पा हसतील. त्यांनी कॅसेट मागं फिरवली आणि तेवढंच परत लावलं. तीन वेळा.

सोमवार, २० ऑक्टोबर

भयंकर.

दोड्डप्पांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "पवे, कुणाला सांगू नगो. तुझ्या आप्पाला तर अजिबात न्हाय. पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कस्तुरीला वडगावच्या बाजारात न्हेतोय. भाकड हाय. दोन वर्षं लोक हसत्यात मला. ह्या पाडव्यालाबी खांबागत हुबी ऱ्हायली तर ठेवून काय करू?"

मी म्हटलं ती घरची आहे. मी तिच्या पाठीवर बसून पहिलीचा अभ्यास केलाय. ते म्हणाले, "घर ऱ्हायलंय कुठं एक?"

मी चार मिनिटांत आप्पांना सांगितलं. पिंपावरून उडी मारली, गुडघा फुटला, तसंच सांगितलं. आप्पा धार काढत होते. हात थांबले. "इकू दे की," म्हणाले. "त्याची म्हैस हाय."

पण रात्री ताट तसंच ठेवून उठले. पिठलं होतं, त्यांच्या आवडीचं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सात दिवस. नाही, सहाच.

बुधवार, २२ ऑक्टोबर

आज हेरगिरी सोडून सरळ भांडले. आप्पांना म्हटलं, तुम्ही फक्त राजदूत घेऊन पुढं व्हा, ती मागं येईल, दोड्डप्पा तिला ठेवून घेतील. एवढंच करायचंय! आप्पा म्हणाले, "मी कसा जाऊ? त्यानं बोलवाय नगो? थोरला हाय न्हवं?"

भिंतीवरून तिकडं गेले. दोड्डप्पा म्हणाले, "मी कसा बोलवू? धाकट्यानं आपणहून याय नगो?"

परत इकडं. परत तिकडं. पाच फेऱ्या. पिंपाचं झाकण मोडलं.

मग मी हेरखात्यातलं शेवटचं हत्यार काढलं, खोटा अहवाल. आप्पांना सांगितलं, दोड्डप्पा रडत होते. "अण्णा? रडत हुता?" आप्पांनी डोळे बारीक केले. "बा गेला तवा त्यो जेवण वाढत हुता." तिकडं सांगितलं, आप्पा रडत होते. दोड्डप्पा म्हणाले, "त्यो तर सिनेमातबी रडतोय. त्याचं काय सांगतीस?"

दोघांचाही राग आला. इतका राग की मी कस्तुरीजवळ जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिनं माझी ओढणी खाल्ली.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पहिली अंघोळ. उटणं डोळ्यात गेलं. कुणी कुणाकडं फराळाचं ताट पाठवलं नाही. मीच दोन्हीकडचं खाल्लं, पण चव नाही लागली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दुपारी आप्पा राजदूतपुढं बसले होते, हातात पाना. सायलेन्सर काढलेला! काय करताय विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय. साफ करतोय."

दिवाळीत सायलेन्सर कोण साफ करतं? मी देवासमोर दोनदा नमस्कार केला. एक लक्ष्मीसाठी आणि एक सायलेन्सरसाठी.

रविवार, २६ ऑक्टोबर. पाडवा

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

घाटाकडच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं. हलगी, गुलाल, म्हशींच्या शिंगांना मोरपिसं. दोड्डप्पांनी कस्तुरीला नवरीसारखी सजवली होती, शिंगं केशरी, पायात घुंगरू, अंगावर तेलाची तकाकी. दोड्डव्वाच्या भावाची गाडी आणलेली. दोड्डप्पांनी ती रेस केली. कस्तुरी बघत राहिली. परत रेस केली. ती शांतपणे शेण टाकून मोकळी झाली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पावणं, म्हशीला चावी मारा की!" सगळे हसले. दोड्डप्पांचं तोंड मला बघवेना.

आणि पन्नास पावलांवर आप्पा. राजदूत उभी, गौरा दोरीला. आलेत! पण किक मारत नाहीत. आभाळाकडं बघतायत. इकडं दोड्डप्पाही आभाळाकडं. आभाळात काहीही नव्हतं.

मी दोघांच्या मध्ये उभी. मला एकदम कळलं, हे दोघं असेच उभे राहणार. संध्याकाळपर्यंत. आणि उद्या सोमवार.

मी धावले. आप्पांना ढकललं आणि राजदूतच्या किकवर दोन्ही पायांनी उडी मारली. एकदा, काही नाही. दुसऱ्यांदा किक उलटी आली आणि पोटरीवर बसली. तिसऱ्यांदा गाडीचा आवाज असा फुटला की शेजारचा हलगीवाला खाली बसला.

कस्तुरीनं मान वळवली.

आली! गर्दी फाडून आली! दोड्डप्पांनी कासरा सोडला नाही, म्हणून तेही आले, अर्धे पळत, अर्धे घसरत, पटका गेला, एक चप्पल गेली. गौरा उलट्या दिशेनं घाटाकडं गेली (अजून आलेली नाही). आप्पांनी माझ्या हातातून हँडल घेतलं आणि गाडीवर बसले. गाडी पुढं, कस्तुरी मागं. वळणावर आप्पांनी रेस वाढवली आणि ती उठली. पुढचे दोन्ही पाय वर, केशरी शिंगं माणसांच्या वर, घुंगरू वाजतायत, आणि सोळा वर्षांची म्हातारी म्हैस मागच्या पायांवर तीन, चार, पाच पावलं चालली. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते. सगळेच ओरडत होते.

मागून दोड्डप्पांचा आवाज, "प्रभ्याऽऽ! सावकाश! वय झालंय तिचं!"

आणि पुढून आप्पा, मान न वळवता, "अण्णा, तिला कळतंय! तुमी आधी कासरा सोडा!"

दोन वर्षांतले पहिले शब्द. मी घड्याळ बघितलं. चार वाजून वीस मिनिटं.

मग रस्त्याच्या मधोमध दोघं अर्धा तास भांडले. नारळाचा मान म्हशीवाल्याचा की गाडीवाल्याचा? म्हैस शिकवली कुणी? पेंड, नळ, भिंत, पंच, सगळं निघालं. ट्रॅफिक थांबलं. इतकं झकास भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. कस्तुरी मध्ये उभी राहून दोघांनाही आळीपाळीनं चाटत होती.

पण संध्याकाळी दोड्डप्पांना विचारलं, उद्या वडगाव? ते म्हणाले, "बघू."

बघू!! आता मी पहाटे त्यांच्या दारात जाऊन झोपणार आहे. टेम्पो माझ्या अंगावरून नेला पाहिजे.

सोमवार, २७ ऑक्टोबर

साडेपाचला गेले. टेम्पो नाही. कस्तुरी बसून रवंथ करतेय. दोड्डव्वा शेण काढत होती. म्हटलं, वडगावला कधी नेणार तिला?

ती हसायला लागली, इतकी की पाटी खाली ठेवावी लागली. "कस्तुरीला? बाजारात? आगं, ह्यांनी मला इकलं असतं आधी! तुला सांगितलं की तिकडं पोचतंय, म्हणून सांगितलं. समदं तसंच सांगत हुते. आणि तिकडनंबी तसंच येत हुतं." मग डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या आप्पानं दसऱ्याला तुला भिंतीवर चढवलं न्हवं, त्याच दिवशी ह्यांनी भिंतीआडनं ऐकलं, आणि हे जेवता जेवता म्हणालं, रत्नव्वा, प्रभ्याला बोलायचं हाय."